तपकिरी रंगाचा पहिला हात

८ नोव्हेंबर

साळू,

त्या सकाळी मी चादरी भिजत घातल्या होत्या आणि उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसले होते, कारण बाहेर बसायला जागाच नव्हती. तुझ्या बाबांनी पायरीवर गोणपाट अंथरलं होतं, दार सताड उघडून त्याला विटेचा टेकू दिला होता, आणि ते दाराला पिवळा रंग देत होते. दर वर्षी द्यायचे तसाच. तू शाळेला निघालीस. अंग चोरून बाहेर पड म्हणून त्यांनी तुला बजावलं, तरी तुझ्या रिबिनीला रंग लागलाच. तू भोकाड पसरलंस. "रडतेस काय? आता हरवलीस तरी लोकांना कळेल कुठल्या घरची ते," बाबा म्हणाले. मग तू गेलीस. मी चादरी पिळल्या, भांडी पालथी घातली, पाणी भरून ठेवलं. त्या सकाळी बाकी काही झालं नाही. तुझं पत्र वाचताना नेमकी तीच का डोळ्यांपुढे आली, कोण जाणे.

दीड वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. फोनवर तू "औषध घेतलंस ना? बरं, ठेवते" एवढंच बोलतेस, आणि मीही "घेतलं, ठेव" म्हणते. म्हणून पत्र आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. तुला सातवा लागला, आणि हे मला आता कळतंय. रागवायचा हक्क आहे माझा, पण आज वापरत नाही. पुढं कधी लागला तर असावा.

तू लिहितेस, इकडे ये, कायमची ये, घर भाड्यानं दे. आणि लिहितेस, "निदान त्या दाराला तरी माणसात आण. लांबून बघितलं की घर नाही, टपरी वाटते. भाडेकरू दारावरूनच परत जातील."

दार माणसात आणते. तेवढं मला जमेल.

यायचं मात्र जमेलसं दिसत नाही. गुडघा दुखतो. न्हाणीतला नळ गळतो, तो मी फडकं बांधून ठेवला आहे, आणि ते बांधायची रीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या शिवणवालीच्या कपड्यांना काजं-बटणं मीच करते. आणि संध्याकाळी मला घराबाहेर राहता येत नाही. हे शेवटचं तू सोडून दे.

म्हणशील, सबबी सांगते. सबबीच आहेत. पण खोट्या नाहीत.

आई


१३ नोव्हेंबर

साळू,

रंगाच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार ओळखीचा. "मावशी, यंदा काकांचा पिवळा नको?" म्हणाला. मी म्हटलं, तपकिरी दे, चाळीतल्या सगळ्या दारांना आहे तसला. तो डोकं खाजवायला लागला. "पिवळ्यावर तपकिरी? पिवळा म्हणजे सासूबाई हो. वरून कितीही झाका, खालून बोलतातच. आधी कागदानं घासा चांगलं. मग एक हात द्या आणि नीट वाळू द्या. हवा दमट आहे, घाई करू नका. त्यानंतर दुसरा हात. दुसरा हात बसल्याशिवाय पिवळा मरत नाही."

दोन दिवस घासतेय. रंगावर रंग किती बसलेत, बघशील तर थक्क होशील. कागद घासला की खालचा पिवळा, त्याखाली अजून जुना पिवळा. हातांच्या रेघांत पिवळी भुकटी बसली आहे, साबणानं जात नाही.

तुला वाटतं ते दार म्हणजे बाबांचा हट्ट. शाळेत तुला 'पिवळ्या दाराची' म्हणून चिडवायचे, तेव्हा तू त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस. त्यांनी तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. पण आता ज्यांनी घातली तेच नाहीत, तर सांगते.

बाबांना दिवस मावळला की दिसायचं नाही. काचेच्या भट्टीसमोर उभं राहून डोळे गेले की मुळातच अधू होते, डॉक्टरांना सांगता आलं नाही. दिवसा सगळं ठीक. तिन्हीसांजेला मात्र माणूस म्हणजे सावली आणि सावली म्हणजे भिंत. कारखान्यात कळलं असतं तर भट्टीवरून काढलं असतं. म्हणून गुपचूप.

आणि आपली ही कारखान्याची घरं. एक लांबच लांब भिंत, तिला सारखी दारं, प्रत्येकाला एक पायरी, सगळी तपकिरी. तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ते शिवणवालीच्या घरात शिरले. म्हणजे आत्ताच्या शिवणवालीच्या सासूच्या घरात. पाय पुसले, खुर्चीत बसले, "चहा टाक" म्हणाले. ती बिचारी एकटी, घाबरली, पण चहा दिला. यांनी घोट घेतला आणि म्हणाले, "आज साखर जास्त झाली गं." मग ती हसायला लागली आणि यांना घाम फुटला.

दुसऱ्या आठवड्यात दार पिवळं झालं. अंधारातही तो रंग त्यांना पुसटसा कळायचा. शाळेतल्या पोरी काय चिडवतील, याचा विचार त्यात नव्हता.

तरी कधी चुकायचेच. मग चाळीनं आपणहून एक रीत पाडली. कुणी काही ठरवलं नाही. ते चुकीच्या पायरीवर पाय पुसायला लागले, की आतून जो असेल तो हाक द्यायचा. आपल्या अलीकडची असली तर "पुढं, काका!" पलीकडचे मास्तर असले तर "मागं, भाऊ!" काम सोडून उठायचं नाही की दार उघडायचं नाही. ते म्हणायचे, "हां हां, चुकलो," आणि जायचे. कधी विचारलं नाही की खरंच पुढं का. चाळीनं पुढं म्हटलं की पुढं.

घासून झालं की पहिला हात देते.

आई


१७ नोव्हेंबर

साळू,

काल पहिला हात दिला. बरा बसला आहे, फक्त कडेला थोडे ओघळ आले. खालचा पिवळा अजून दिसतो. दिवसा कमी, संध्याकाळच्या उजेडात जास्त. गर्भार बाईच्या अंगावरच्या तेजासारखा, असं लिहिणार होते, पण तू हसशील.

एक विचारायचं होतं. काही नाही, राहू दे.

बरं, विचारते. माणूस ज्या खुणेनं घरी येतो, ती खूण काढून घेतली तर तो कुठं जातो?

आज सकाळी शिवणवाली आली. हातात सुई-दोरा तसाच, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "मावशी, हसू नका हं मला."

मी म्हटलं, "हसायसारखं असेल तर हसेन."

"काल दिवेलागणीला मी मशीनवर होते. पायरीवर पाय पुसल्याचा आवाज आला. खरं सांगते, माझं लक्ष बाहीत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, पुढं, काका."

मी तिला बसायला पाट सरकवला.

"म्हणून गेले आणि मग मशीन थांबवलं. अंगावर काटा आला. पण मावशी, पाय पुढं गेले. मी ऐकले."

मी तिला म्हटलं, कुणी वाटसरू असेल. ती म्हणाली, "वाटसरू 'चुकलो' म्हणेल होय?"

तिला चहा दिला. साखर जास्त घातली, भीतीला बरी असते.

दार वाळायला उघडंच ठेवलं आहे, त्यामुळे घरात धूळ फार येते.

आई


२१ नोव्हेंबर

साळू,

तुझं पत्र आलं. लिहितेस, "आई, एकटं राहून भास होतात. म्हणून तर म्हणते, ये." भाड्यासाठी घर बघायला ती नर्सबाई येऊन गेली, तेही तुला कळलं असेल, तूच पाठवली होतीस ना. तिचा नवराही होता, शांत आहे. घर आवडलं. दार बघून म्हणाली, "रंग ताजा आहे वाटतं, छान." किल्ली महिन्याच्या अखेरीला हवी म्हणते. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. नळाचं फडकं दाखवलं. तिनं एकदा बघून नीट बांधून दाखवलं. म्हणजे ती सबब गेली.

आता राहिलेली सांगते. तू भास म्हण.

बाबा गेल्यावर तू आलीस आणि एका दुपारी त्यांच्या चपला, कोट, काठी, सगळं देऊन टाकलंस. मी म्हटलं, "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी राहा." तू पिशवी उचललीस आणि गेलीस. तुला वाटलं, आईला वस्तूंचा लोभ. वस्तूंचं काही नव्हतं गं. काठी हवी होती.

तू गेलीस त्याच संध्याकाळी ते आले. आधी भिंतीवरून तळवा घासत येण्याचा आवाज. काठी असती तर असे आले नसते. शिवणवालीची खिडकी ओलांडली, मग आपली पायरी. पाय पुसले, उजवा आधी, मग डावा. खाकरले. मी आतून म्हटलं, "आलात?" रोज म्हणायची तसं, तोंडातून आपोआप निघालं. आणि मग ते घरात होते. दार उघडलं नाही. मी कधीच उघडत नाही. काही दिसलंही नाही. पण भरलेली घागर आणि रिकामी घागर, झाकण न उचलता कळते की नाही? तसं घर कळतं.

तेव्हापासून रोज. मी दिवा लावते आणि पेपर मोठ्यानं वाचते. त्यांचे डोळे अधू झाल्यावर वाचायचीच. त्यांच्यासाठी म्हणून तर अक्षरं जुळवायला शिकले, आणि मग चटक लागून मिळेल ते वाचत सुटले. निधनाच्या बातम्या आल्या की ते खाकरतात, पान उलट म्हणून. जिवंतपणी तेच करायचे. आता तरी वाचू द्यावं, पण नाही.

मला त्यांची भीती वाटली नाही. कधीच नाही. हे तुला एवढ्यासाठी सांगते, की पुढचं वाचताना तुला वाटू नये मी भ्याले.

पहिला हात दिला त्या संध्याकाळी दार उघडं होतं. रंग ओला, लावता येईना. मी दारासमोर आत खुर्ची टाकून बसले, पेपर मांडीवर. तळव्याचा आवाज आला. शिवणवालीच्या पायरीवर थांबला, तिनं "पुढं" म्हटलं ते मलाही ऐकू आलं. मग भिंतीवरून पुढं, आपल्या दारापर्यंत. आणि साळू, तो आवाज उघड्या दारासमोरून गेला. या बाजूच्या चौकटीपासून त्या बाजूच्या चौकटीपर्यंत. मधे मोकळी हवा, समोर रस्ता, पलीकडे दिव्याचा खांब, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्या मोकळ्या जागेत पावलं. थांबली नाहीत. "आलात?" माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच वाळलं. ते मास्तरांच्या दाराशी गेले. मास्तर झोपेत असल्यासारखे म्हणाले, "मागं, भाऊ."

तेव्हापासून हे असं चाललंय. शिवणवाली म्हणते पुढं, मास्तर म्हणतात मागं. दोघंही ठरवून म्हणत नाहीत, वर्षानुवर्षांची सवय, तोंड आपलं आपण बोलतं. आणि तुझे बाबा आपल्याच दारावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. अंधार दाट होईपर्यंत.

त्यांना बोलावणं माझ्या हातात आहे. एकदा "आलात?" म्हटलं की ते येतील, याबद्दल मला शंका नाही. आणि आले की मला इथून हलता येणार नाही, याबद्दलही नाही. नर्सबाईच्या खुर्चीत त्यांना बसवून मी कुठं येऊ? रोज वाटतं, आज म्हणावं. रोज वाटतं, उद्या.

आई


२५ नोव्हेंबर

साळू,

चाळीची सभाच भरली म्हण ना. सभा म्हणजे शिवणवाली आणि मास्तर, माझ्या स्वयंपाकघरात.

शिवणवाली म्हणाली, "मावशी, पिवळा लावा परत. मी लावते, तुम्ही बसा नुसत्या."

मास्तर म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, भुतंबितं काही नसतात."

"मग आता?" मी विचारलं.

"आताही तेच सांगतो. पण दिवेलागणीला रेडिओ मोठा लावतो."

"आणि तरी 'मागं, भाऊ' म्हणता," शिवणवाली म्हणाली.

"मी म्हणत नाही गं बाई. निघतं!"

आम्ही तिघंही हसलो. मग कुणी कुणाकडे बघेना.

शिवणवाली जाताना मला म्हणाली, "दार पिवळं असताना कसं बरं होतं. काका आपले घरी होते." तिलाही ठाऊक होतं. दीड वर्ष तिला आमच्या पेपरवाचनाचा आवाज जात होता. ती एका शब्दानं बोलली नाही. भिंत एकच आहे, मी विसरले होते.

मी उठलेच होते. घासायचा कागद पाण्यात भिजवला, म्हटलं पहिला हात खरवडून काढावा. खाली पिवळा आहेच, त्याला फक्त मोकळं करायचं. तेवढ्यात पोस्टमन आला.

तुझं पत्र इतकं छोटं कधी नव्हतं. "डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बाळ हलतं तेव्हा चांगलं वाटतं, हलत नाही तेव्हा मी श्वास धरून मोजत बसते. हे कामावर जातात, घर दिवसभर गप्प असतं. आई, मला भीती वाटते."

साळू, तू लहानपणी भिंतीवरून पडलीस, कोपर मोडलं, तेव्हाही म्हणाली नव्हतीस की भीती वाटते. म्हणाली होतीस, "भिंत वाकडी आहे."

भिजलेला कागद मी वाळत घातला.

त्यांना घेऊन तुझ्याकडे येता येईल का, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू. त्यांना तुझं बाळ बघायचं असेल. पण तुझ्या घराचा रस्ता त्यांच्या पायांखालचा नाही, आणि ज्या घरात श्वास मोजले जातायत तिथं मी असा माणूस नेणार नाही, नवरा असला तरी.

आणि नुसतं सोडूनही जाता येत नाही. मी गेले तर ते दोन हाकांमधे अडकून राहतील. पुढं, मागं. शिवणवालीला मुलं आहेत, तीही उद्या ही हाक शिकतील.

बघते.

आई


२९ नोव्हेंबर

साळू,

परवाची संध्याकाळ तुला लिहून ठेवते. भेटल्यावर तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

दुपारी मास्तरांकडे गेले. म्हटलं, "आज तुम्ही 'मागं' म्हणायचं नाही."

"निघतं हो वहिनी."

"मग तोंडात पाण्याचा घोट धरून बसा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेला माणूस, लगेच समजला. "मग ते पुढं जातील," म्हणाले. "माझं शेवटचं दार. पुढं काय आहे?"

मी म्हटलं, "ते मलाही ठाऊक नाही."

त्यांनी चष्मा पुसला. "बरोबर करताय की चूक, मला विचारू नका."

"विचारत नाहीये. पाणी धरा एवढंच सांगतेय."

शिवणवालीला काही सांगितलं नाही. ती मुलांना घेऊन बहिणीकडे गेली होती, तिच्या घराला कुलूप होतं.

दार लावलं. रंग वाळून हाताला लागत नव्हता. पेपर घडी घालून फडताळात ठेवला. खुर्ची भिंतीला लावली. दिवा लावला नाही. मी दाराच्या आत उभी राहिले, अगदी जवळ, इतकी की रंगाचा वास नाकात बसला.

तळव्याचा आवाज आला. शिवणवालीच्या दाराशी थांबला. पाय पुसले. आतून कुणी काही म्हणालं नाही. ते बराच वेळ तिथं थांबले, हाकेची वाट बघत असतील. मग आपणच पुढं निघाले.

आणि आपल्या दाराशी थांबले.

इतके दिवस थांबले नव्हते. त्या दिवशी आभाळ निवळलं होतं, उजेड आडवा येत होता. त्या उजेडात पहिल्या हाताखालचा पिवळा किती वर येतो, ते मी तुला लिहिलंच आहे. त्यांनी पाय पुसले. उजवा, मग डावा. पुन्हा उजवा. त्यांना खात्री नव्हती. दारावर बोटं फिरल्याचा आवाज आला, माझ्या चेहऱ्यासमोर, फळीच्या पलीकडून. वरून खाली, हळूहळू, जसं आंधळा माणूस तोंड चाचपतो. मग ते खाकरले.

साळू, ते खाकरणं मी आयुष्यभर ऐकलं. लग्न झालं त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा वाटलं होतं, या माणसाला घसा साफ करायची खोड आहे. मग कळलं, आत यायची परवानगी मागतात. स्वतःच्याच घरात. शेवटपर्यंत.

"आलात?" एवढंच म्हणायचं होतं.

मी आवाज बदलला. शिवणवाली बोलते तसा, जरा वरच्या पट्टीत, मशीनवरून मान न उचलता. मी म्हटलं, "पुढं, काका."

नवऱ्याला मी काका म्हटलं.

बोटं थांबली. मला वाटलं, त्यांनी ओळखलं. इतकी वर्षं या आवाजानं त्यांना पेपर वाचून दाखवला, तो आवाज लपतो कुठं? पण चाळीनं पुढं म्हटलं की ते पुढं जायचे. कधी विचारायचे नाहीत. ओळखूनही गेले असतील. ते काही म्हणाले का, ते मी लिहीत नाही. तेवढं माझ्याजवळ राहू दे.

तळवा भिंतीवरून पुढं सरकला. मास्तरांची पायरी. तिथं थांबले. मी कपाळ दाराला टेकवून ऐकत होते. मास्तरांच्या घरातून काही आवाज आला नाही. मास्तर नंतर म्हणाले, घोट गिळला गेला असता, पण त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

मग भिंत संपली. तळव्याचा आवाज संपला, नुसती पावलं राहिली. तिथून पुढं कारखान्यानं टाकलेल्या फुटक्या काचांचा ढीग आहे, त्यावर आता गवत आलंय. तू लहानपणी तिथून हिरवे तुकडे वेचून आणायचीस आणि मार खायचीस. त्या काचांवरून पावलं गेली. कर्र, कर्र. चपला नव्हत्या त्यांच्या पायात. मी ऐकत राहिले, ऐकू येणं थांबलं तरी ऐकत राहिले. एकदा वाटलं, पावलं वळली. वळली नव्हती.

मग मी दिवा लावला. घर रिकामं होतं. रिकामी घागर.

गाडी उद्या सकाळची आहे; पत्राआधी मीच पोचेन, म्हणून फोनवरही सांगते. स्टेशनवर जावईबापूंना पाठव, तू अजिबात उठू नकोस. पडूनच रहा. मी आल्यावर तुझ्या शेजारी बसेन, आणि बाळ हलत नसेल तेव्हा आपण दोघी मिळून श्वास धरू. पाहुणीसारखी येणार नाही, आधीच सांगते. तुझं स्वयंपाकघर मी मला हवं तसं लावणार आहे, भांडणाची तयारी ठेव.

त्या संध्याकाळनंतर मी जेवले, झोपले. झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवटच्या घरापुढं जाऊन काचांचा ढीग बघून आले. गवत उभं होतं. मग पायरीवर गोणपाट अंथरलं, डबा उघडला, रंग काडीनं ढवळला, आणि दाराला दुसरा हात दिला.

आई